दार नसलेल्या घरातली दुपार

घर थंड ठेवण्याचे शास्त्र दोन वाक्यांत सांगता येते. रात्री घर उघडे ठेवून भिंतींतली उष्णता बाहेर जाऊ द्यावी. सकाळी ऊन चढण्यापूर्वी ते बंद करावे. एम.एस्सी.च्या वर्गात मी हे समीकरणांसह मांडले होते. पण आमचे घर शनिशिंगणापुरातले. चौकट आहे, उंबरा आहे, दार नाही. त्या जागी पडदा. अर्धे शास्त्र तिथेच संपते.

त्या मे महिन्यात मला वडिलांना, अण्णांना, घरात जिवंत ठेवायचे होते. पक्षाघाताने त्यांची डावी बाजू आधीच गेलेली. त्यात उन्हाने ताप चढून ते बरळू लागले, म्हणून दवाखान्यात न्यावे लागले होते. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतले. "पुन्हा असा ताप चढला, तर मला खात्री देता येणार नाही. खोली थंड ठेवा."

मी गच्चीवर चुना फासला, खिडक्यांना ओले गोणपाट बांधले. दुपारी वीज नसे, त्यामुळे कूलर कोपऱ्यात नुसताच उभा. खोलीतल्या तापमापकातला पारा मात्र उतरेना, कारण रिकाम्या चौकटीतून झळ थेट खाटेपर्यंत येत होती.

"सुताराला बोलावते," मी आईला म्हणाले. "कडी नको, कुलूप नको. नुसते दार."

"दार न्हाई बसवायचं. चोरासाठी न्हाई आन उन्हासाठीबी न्हाई."

"देवाला ऊन कळत नाही का?"

"त्याला समदं कळतं. बोलावं कसं, ते तुला कळंना."

दोन दिवसांनी, भर दुपारी, अण्णांनी हाकेला ओ देणे थांबवले. अंग तापलेले आणि कोरडे; घामाचा थेंब नाही. मी दवाखान्यात फोन केला. रुग्णवाहिका निघते आहे, तोवर अंग पुसत राहा, वारा घाला, असे सांगण्यात आले. मी चादर भिजवली, पंखा हातात घेतला. पण मी घातलेला वारा झळांपुढे टिकेना.

रात्री कुत्री आत येऊ नयेत म्हणून चौकटीला टेकवायची एक फळी आमच्याकडे आहे. ती मी उभी केली, तिच्यावर ओली गोधडी टाकली. पहिल्याच झोताने दोन्ही खाली. पुन्हा उभी केली, पुन्हा पडली. बिजागरी नसलेल्या फळीला वाऱ्यासमोर उभे राहण्याचे काहीही कारण नसते. हे मला ठाऊक होते, आणि तरी मी ती उभी करत होते.

"सर बाजूला," आई म्हणाली. "तू त्येंच्याकडं बघ."

तिने फळी लावली आणि तिला पाठ देऊन उंबऱ्यावर बसली. पाय जमिनीला रोवले. बाहेरून झोत आला की तिचे खांदे हलत, फळी हलत नसे. खोली अंधारली. मी अण्णांची मान, काखा, तळपाय पुसत राहिले. बादलीतले पाणी तळाला गेले. पिण्याचा हंडा ओढून घेतला, तेव्हा आईने पाहिले.

बऱ्याच वेळाने अण्णांचे ओठ हलले. शब्द जड होते, पण बरळणे नव्हते.

"दार... कुनी लावलं?"

"कुनी न्हाई," आई म्हणाली. "मी बसलेय."

त्यांनी मान तिच्याकडे वळवली. "ऊठ की. पाठ भाजंल."

"भाजू द्या."

रस्त्याच्या टोकाला भोंगा ऐकू आला. माणसे आत यायची तर फळी काढावी लागणार होती, आणि ती काढताच झळ आत येणार होती. आईने माझ्याकडे पाहिले. मी हंड्यातले उरलेले पाणी अण्णांच्या चादरीवर ओतले आणि 'काढ' म्हणून मान हलवली.