धोतरातली कुसळं

परवा लेकीसोबत कपिलधारचा डोंगर चढताना थंडीत वाळलेल्या गवताचा वास आला आणि वडील आठवले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. चाळीसेक वर्षांपूर्वी, असल्याच पौषात, याच वाटेनं आम्ही दोघं वरून दरी बघायला निघालो होतो. दर वीस पावलांवर अण्णा वाकायचे आणि धोतरात अडकलेली कुसळं एकेक करून काढत बसायचे.

मी वैतागलो. "अण्णा, ऊन चढायलंय. वर गेल्यावर काढा की!"

"लई टोचायलेत रे," ते म्हणाले. "तू हो म्होरं."

मी गेलो. दरी एकट्यानंच बघितली.

परवा अर्ध्या चढावर मला धाप लागली. पुढं गेलेली लेक ओरडली, "बाबा, कावून थांबलात?"

मी खाली वाकलो. म्हणालो, "कुसळं काढायलोय गं."

पँटला एकही कुसळ नव्हतं.