कझाकस्तानात स्वस्त, अधारतालात महाग

मी आयुष्यात सांगितलेल्या भावाला एकही वस्तू घेतली नाही. जबलपूरच्या कमानिया गेटचे कापडवाले मला लांबून येताना पाहून गठ्ठे आवरायला लागत, असं लोक म्हणतात. लोक जरा वाढवून सांगतात, पण फार नाही. मी शिकलो चौथीपर्यंत, मग कारखान्यात लेथवर उभा राहिलो. भाव करायला शाळा लागत नाही, पाय लागतात. दुकानदार अडला की निघून यायचं. हळू निघायचं आणि कान मागं ठेवायचा. कोपरा यायच्या आत हाक येते.

इतकी वर्षं हाक आली. मग नातीचा खेळ आला.

नात अकरावीत आहे. तिचा मोठा भाऊ डॉक्टरकी शिकायला कझाकस्तानात. फोनवर तो आमच्याशी जे बोलतो ते घरातल्या सगळ्यांना पाठ आहे: "हाँ आबाजी, खाना खा लिया. हाँ आबाजी, ठंड है." संपलं. पण रविवारी दुपारी ही दोघं भावंडं दोन देशांत बसून कंप्युटरवर एक खेळ खेळतात. सुनेनं सांगून ठेवलं आहे की आवाज स्पीकरवर पाहिजे. ती भाजी निवडत मागं बसते. तेव्हा तोच पोरगा असा बोलतो की शेजारी ऐकू जातं. बहिणीशी भांडायला लागला की त्याला मराठीही आठवते. मधेच विचारतो, "आई, तू लोणचं टाकलं का यंदा?"

एका रविवारी विहारातून अधारतालला घरी आलो तर सगळं चूप. नात गाल फुगवून बसलेली. पडद्यावर समुद्र, एक होडी चाललेली, आणि काठावर एक बाई तलवार घेऊन उभी.

"ही कोण?"

"मी."

"अन् होडीत?"

"भैया. त्यानं नवं बेट घेतलं, आबाजी. मी विकत घेतल्याशिवाय मले तिथं जाता येत नाही."

"काहून? खेळ तर तुले वाढदिवसाला घेऊन दिला होता."

"तो खेळ होता. हे ॲड-ऑन आहे. खेळाच्या वरून जोडतात ते."

"वरून देतात अन् पैसे घेतात? भाजीवाली कोथिंबीर वरून टाकते, ती पैसे मागते का?"

"आबाजी, ती कोथिंबीर आहे. हे बेट आहे!"

किंमत ऐकली तर माझ्या हिवाळी बुटांएवढी. बूट निदान पायात घालता येतात.

तेवढ्यात स्पीकरमधून नातू बोलला, "आबाजी, इथं सस्तं भेटते. तिथल्यापेक्षा पुष्कळ सस्तं."

माझे कान उभे राहिले. नातीनं एक पान उघडून दाखवलं. तुर्कस्तान, ब्राझील, पोलंड, आपण, सगळ्यांच्या नावापुढं भाव. बेट एकच आणि भाव देशोदेशी वेगळा. काही देशांत आधी फार स्वस्त होतं म्हणे. मग बाहेरचे लोक तिथले रहिवासी असल्याचं सोंग करून तिथून घ्यायला लागले, तर कंपनीनं तिथलेही भाव चढवले.

"आपला पण वाढणार आहे," नात म्हणाली. "सगळे म्हणून राहिले."

"दुकानदार नेहमीच तसं म्हणतो. अजून कोणी 'उद्या स्वस्त होईल' म्हणून माल विकला नाही."

सीमा आली की भाव बदलतो, हे मला नवं नाही. मी लहान होतो तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होतं. मग राज्यं वेगळी झाली आणि आमचे निम्मे नातेवाईक घर न सोडता परराज्यात गेले. तेव्हापासून आमच्याकडे पाहुणा आला की पाण्याच्या आधी प्रश्न यायचा, "तिकडं काय भाव?" लेकीच्या लग्नाचा बस्ता मी अर्धा नागपुरात बांधला, अर्धा कमानिया गेटला. इथं तिथला भाव सांगितला, तिथं इथला, आणि दोन्हीकडे कमी करून घेतलं. सीमेचं काय करायचं ते मला कोणी शिकवू नये.

मी नातवाला म्हणालो, "तूच तिथं घे अन् बहिणीला पाठव."

"नाही चालत, आबाजी. तिचं खातं इंडियाचं आहे. इथं घेतलेलं तिथं उघडतच नाही."

"तुझ्या आत्याचा शालू नागपूरचा होता. तो जबलपुरात उघडला नाही काय?"

सून मागं फिसकन हसली. मला ते आवडलं नाही.

"आबाजी, सुनो ना," नातू म्हणाला. "मले हा रविवार सोडून अजून दोनच आहेत. मग हॉस्पिटलची ड्यूटी, मग परीक्षा. उन्हाळ्यापर्यंत खेळ बंद. माझे दोस्त सगळे बेटावरच असतात आता. छोटी, जल्दी ले ले."

सुनेचे हात भाजीवर थांबले. मी पाहिलं. खेळ बंद म्हणजे उन्हाळ्यापर्यंत परत 'खाना खा लिया, ठंड है'.

"मी घेऊन देतो," मी म्हणालो. "पण माझ्या पद्धतीनं."

नात म्हणाली, फोनवरून दोन मिनिटांत होते. मी म्हणालो, ज्याचं तोंड दिसत नाही त्याच्या हाती मी पैसे देत नाही. मग कळलं की नेपियर टाउनमध्ये एका मोबाइलच्या दुकानात त्या खेळाची कार्डं मिळतात. कार्ड खरवडायचं, आतला नंबर कंप्युटरला सांगायचा. दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन ऑटोनं गेलो. कोचिंग क्लास सुटलेला, दुकानात पोरांची गर्दी.

"आखिरी भाव बोलो, भैया."

"दादाजी, कार्ड पे जो छपा है, वही."

"छपा तो शादी के कार्ड पे भी रहता है, शाम सात बजे. बारात कब आती है?"

पोरं खिदळली. दुकानदारही हसला. म्हणाला, "बात तो सही है, पर इसमें मेरे हाथ में कुछ नहीं. आज ही ले लो, दादाजी. महँगा होने वाला है."

बस, त्यानं तेच वाक्य उच्चारलं. मी निघालो.

"आबाजी, तो नाही बोलावणार," नात कुजबुजली.

"चूप. मागं पाहू नको."

ऑटोस्टँडपर्यंत आलो. मी चपलेचा पट्टा नीट केला. मग दुसऱ्या चपलेचा केला. शेवटी हाक आली, ती ऑटोवाल्याची: "अधारताल?"

आठवडाभर मी रोज संध्याकाळी विचारत होतो, "उतरला का?"

"आबाजी, ते टमाटर नाही संध्याकाळी उतरायला."

शनिवारी तिनं पडदा माझ्याकडे फिरवला. भाव चढला होता. थोडाथोडका नाही. सून वाढता वाढता म्हणाली, "मामाजी, आता बुटाचे किती जोड येतील हो?"

"भाव चढला तो कंपनीच्या लोभानं," मी म्हणालो. "माझ्या निघून येण्यानं नाही." हे मी आजही म्हणतो.

त्या रविवारी भावंडं जुन्याच जंगलात फिरली. तिथलं झाडन् झाड दोघांना माहीत. बोलायला काही नाही, भांडायला काही नाही. त्याचे दोस्त मागून बोलावत होते आणि तो "आया, आया" करत होता. लवकरच गेला. सुनेची भाजी अर्धीही निवडून झाली नव्हती. ती ताट उचलून आत गेली आणि नातीनं स्पीकर बंद केला. आता एकच रविवार राहिला होता.

त्या शेवटच्या रविवारी सकाळी मी विहारात गेलो नाही. एकटाच नेपियर टाउनला गेलो. दुकानाचं शटर अर्धंच वर होतं, मी वाकून आत शिरलो आणि चढलेल्या भावाच्या मोठ्या कार्डावर जेवढे छापले होते तेवढे पैसे काउंटरवर ठेवले.

दुकानदार पैशांकडे पाहतो, माझ्याकडे पाहतो. "दादाजी, आज मोलभाव नहीं?"

"आज टाइम नहीं है."

त्यानं घाईघाईनं स्टूल पुढं केलं. "तबीयत ठीक है ना? बैठो, पानी पियोगे?"

दुपारी नातीनं कार्ड खरवडलं, नंबर टाकला, आणि काठावरची बाई होडीत चढली. तिकडून नातू ओरडला, "आ गई! आ गई!" मी माझी खुर्ची ओढून पडद्यापुढं मधोमध ठेवली.

"आबाजी, तुम्ही?"

"पूर्ण पैसे मोजले आहेत. पूर्ण बेट पाहीन."

त्यांना सरळ डोंगरावर जाऊन राक्षस मारायचा होता. मी म्हणालो, आधी किनारा.

"त्या झाडामागं काय आहे?"

"काही नाही, आबाजी."

"जाऊन पाह्य."

झाडामागं खरंच काही नव्हतं. पण पुढं एक झोपडी होती, दाराला कुलूप. "कुलूप काहून? बेट आपलं आहे ना?" मग किल्ली शोधायला दोघं विहिरीत उतरली, तिथं कोणी आधी उडी मारायची यावरून भांडली, नातवाला मराठी आठवली. मी विहिरीचा तळही नीट पाहून घेतला. बांधकाम चांगलं होतं.

"आबाजी, राक्षस मारला की बेट संपते," नातू म्हणाला. "वीस मिनिटांचं काम आहे."

"मग त्याला सगळ्यात शेवटी मारा."

सून भाजी संपवून डाळ निवडायला लागली, डाळ संपली तर तांदूळ घेतले. एका गुहेत शिरता शिरता नातू सहज बोलून गेला की मागच्या महिन्यात त्याला ताप होता, पण खोलीतला दोस्त खिचडी करून देत होता.

"अन् मले सांगितलं नाही?" सून ताट ठेवून उठली. "किती दिवस होता? काढा घेतला का? मी दिलेला स्वेटर घालतो का तू?"

"आई, मागं वटवाघळं आहेत, थांब ना..."

"वटवाघळं राहू दे! स्वेटरचं सांग."

तो सांगत बसला. स्वेटरचं सांगितलं, मेसच्या रोटीचं सांगितलं, मुडद्यांच्या खोलीत पहिल्या दिवशी काय झालं तेही सांगितलं. नात एकटीच तलवारीनं वटवाघळं हाणत होती आणि त्याला शिव्या देत होती. राक्षस डोंगरावर उभा होता, खालून त्याची मान दिसत होती.

"आबाजी, आता तरी जायचं का?" नातीनं विचारलं.

मी म्हणालो, उभा राहू दे त्याला, दक्षिणेकडचा किनारा अजून पाहायचा आहे.