अर्ध्या स्वराने उतरलेला पियानो

आवाज आला तेव्हा माझा हात तारांपासून वीतभर लांब होता. जाड फांदी मोडावी तसा आवाज, आणि त्यामागून पंच्याऐंशी पट्ट्यांच्या सगळ्या तारांची एकदम थरथर. बाळासाहेब चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. ट्रे त्यांनी खाली ठेवला नाही. त्यांची मुलगी श्रावणी म्हणाली, “काका, काय तुटलं?”

काय तुटलं ते मला कळलं होतं. विश्वास बसत नव्हता.

मी पियानो ट्यून करतो. त्याआधी अठरा वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्शनला होतो. नोकरी सुटली, मोजण्याची सवय सुटली नाही. नाशिकमध्ये पियानो मोजकेच आहेत. त्यातल्या मी ट्यून केलेल्या प्रत्येकाची नोंद माझ्या वहीत असते.

हा पियानो इंदिरानगरमधला, माझ्यासाठी नवा. बाळासाहेब मूळचे चांदवडचे, कांद्याचे व्यापारी. श्रावणीच्या शिक्षिका पिंटो मिस लहान फ्लॅटमध्ये राहायला गेल्या तेव्हा त्यांनी आपला जुना पियानो तिला देऊन टाकला. तिची लंडनच्या एका बोर्डाची शेवटची ग्रेड होती. हल्ली ही परीक्षा घरच्या पियानोवर व्हिडिओ करून पाठवता येते. चार रचना एका दमात वाजवायच्या, मध्ये कट चालत नाही. व्हिडिओ पाठवायची शेवटची तारीख रविवार. त्या निकालावर तिचा संगीत कॉलेजचा अर्ज जाणार होता. मला बोलावलं ते गुरुवारी.

कारण असं की बाळासाहेबांनी फोनवर सूर तपासायचं अ‍ॅप घेतलं होतं आणि प्रत्येक पट्टीला लाल दिवा लागत होता. ते म्हणाले, “साहेब, एक बी पट्टी मापात नाय. परीक्षकाला उतरलेला माल पाठवायचा का?”

मी मोजलं. आजच्या पियानोत मधल्या एका ठरावीक पट्टीची तार सेकंदाला ४४० वेळा कंप पावते. जगभर त्यावरूनच बाकीचे सूर लावतात. इथे ४१५ भरले, म्हणजे बरोबर अर्धा स्वर कमी. दुर्लक्षित पियानो उतरतो तो वेडावाकडा उतरतो, कुठे जास्त, कुठे कमी. हा मात्र पहिल्या पट्टीपासून शेवटच्यापर्यंत सारखाच उतरलेला होता. असे सुबक आकडे मी कधी पाहिले नव्हते. वहीत लिहिलं, ‘एकसमान उतार. स्थिती उत्तम.’

हे वाक्य अजून वहीत आहे. खोडलेलं नाही.

अर्धा स्वर चढवायचा म्हणजे तारांचा ताण साधारण बारा टक्क्यांनी वाढतो. पियानोच्या सगळ्या तारांचा मिळून ताण पंधरा-वीस टन असतो, हे लोकांना खरं वाटत नाही. मी बाळासाहेबांना सांगितलं की आता यात दीड टनाच्या वर भर पडणार. ते म्हणाले, “म्हंजे भरलेली एक पिकअप. पेटी सोसंल ना?” मी म्हटलं, सोसेल.

एवढा ताण कशाला, तर त्याला एकोणिसाव्या शतकातले संगीतकार जबाबदार आहेत. त्याआधी पियानो दिवाणखान्यातलं नाजूक वाद्य होतं, सांगाडा लाकडाचा, तारा बारीक. मग मोठे हॉल आले, तिकिटं आली, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज हवा झाला. लिस्ट नावाचा पियानोवादक वाजवायला बसला की तारा तुटत. कारागिरांनी तारा जाड केल्या. लाकूड वाकायला लागलं तेव्हा लोखंडाचा सांगाडा आत घातला. मिसचा पियानो या बदलाच्या मधला होता. लोखंड होतं, पण ते चारपैकी खालच्या तीन हिश्श्यांपर्यंतच. तारा ज्या पिनांना गुंडाळतात त्या पिना वरच्या एका फळीत ठोकलेल्या असतात. तिला पिनब्लॉक म्हणतात. या पियानोत ती उघडी, लोखंडाच्या आधाराशिवाय होती.

तीच फुटली. उजव्या टोकाला मागच्या सांगाड्यापासून सुटून बोटभर फट पडली.

पहिलं काम ताण उतरवणं. एकदम सोडला तर दुसरीकडे तडा जातो. म्हणून थोडा डावीकडून, थोडा उजवीकडून असं करत पुन्हा ४१५ वर आणलं. तीन तास लागले. शेवटी एकाहत्तर पट्ट्या टिकल्या. वरच्या चौदांच्या पिना सूर धरेनात.

श्रावणीने मिसना फोन केला. त्या रिक्षाने आल्या. सत्तरीच्या बारीकशा बाई. त्यांनी बॅटरी मागून घेतली, वाकून फट पाहिली आणि मला विचारलं, “हा ४१५ वर होता ना?”

“हो.”

“सगळा सारखा?”

“तंतोतंत.”

“मग मिस्टर देवरे, तो आपोआप तसा झाला असं वाटलं तुम्हाला?”

फळी फुटली त्यापेक्षा हा धक्का मोठा होता. तडा जुनाच होता. मिसनी तो मुंबईहून माणूस बोलावून बोल्ट घालून बसवून घेतला होता. त्यानेच बजावलं होतं की अर्धा स्वर खाली ठेवा, कधी चढवू नका. पुढे प्रत्येक ट्यूनिंगला त्या तसंच करून घेत. म्हणून आकडे सुबक होते. ज्या खुणेने मी थांबायला हवं होतं तिला मी शाबासकी दिली होती.

मिस बाळासाहेबांकडे वळल्या. “मी तुम्हाला सांगितलं होतं.”

“सांगितलं व्हतं,” बाळासाहेब म्हणाले. “पर साहेब दारातच म्हणले, मालकानं काय सांगू नये, पियानो सांगंल. मला वाटलं, तपासल्यावर कळंल त्यांना.”

ते खरं होतं. माझा नियमच होता तो. मालक हमखास चुकीचं सांगतात, त्याने डोकं आधीच एका दिशेला जातं, म्हणून मी ऐकून घेत नसे.

रविवार तीन दिवसांवर होता. दुसरा पियानो मिळाला असता, पण श्रावणीचा हात याच पट्ट्यांवर बसलेला. मिसनी स्वरलिपीच्या वह्या काढायला लावल्या. आम्ही तिघं पेन्सिल घेऊन प्रत्येक रचनेतला सर्वांत उंच स्वर शोधत बसलो. दोन रचना फार जुन्या काळातल्या, त्यांचा प्रश्न नव्हता. शोपां या संगीतकाराची रचना मर्यादेच्या दोन पट्ट्या आधी थांबत होती. लिस्टची एकतीस वेळा पलीकडे जात होती. मी दोनदा मोजलं.

श्रावणीने त्या रचनेवर आठ महिने घालवले होते. तिने वही मिटली आणि पट्ट्यांवरचं झाकण लावून घेतलं.

मिस तिला म्हणाल्या, “मागच्या वर्षीचा शूबर्ट काढ. चौथी रचना आपल्या आवडीची चालते.” माझ्याकडे न बघता पुढे म्हणाल्या, “त्याच्या वेळी पियानोच सहा सप्तकांचा असायचा. बहात्तर-त्र्याहत्तर पट्ट्या. बिचाऱ्याकडे आपल्याहून फार जास्त काही नव्हतं.”

तरी मी तीही तपासली. बसत होती.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बरं झालं डॉक्टर नाही झालात. पेशंटला न विचारता पोट फाडलं असतं.”

रविवारी सकाळी मी पुन्हा गेलो. टिकलेल्या पट्ट्या ४१५ वर लावल्या आणि रेकॉर्डिंग संपेपर्यंत जिन्यात उभा राहिलो. शूबर्ट सुरू झाला तेव्हा आतली फळी आवाज करते का एवढंच ऐकत होतो. संगीत मी ऐकलं नाही.

श्रावणी पास झाली. मेरिट थोडक्यात हुकलं. चार रचनांत सर्वांत जास्त मार्क शूबर्टला होते. कॉलेजचा अर्ज गेला. पियानो मात्र एकाहत्तर पट्ट्यांचाच राहिला. ती फळी बदलणारा माणूस मला अजून सापडलेला नाही.

आता हत्यारांची पेटी उघडण्याआधी मी वही उघडतो आणि मालकाला विचारतो, आधी कोण ट्यून करायचं आणि काय सांगून गेलं. मालक अर्धा अर्धा तास बोलतात. त्यातलं बहुतेक निरुपयोगी असतं. कामाचं एक वाक्य कितव्या मिनिटाला येईल हे मोजायचं यंत्र नाही, म्हणून सगळं लिहून घेतो.