चौकशीला आलेला मुलगा

माझ्या नातीचा स्कूटरच्या कर्जाचा अर्ज नामंजूर झाला, त्याला जबाबदार मी आहे. चार वर्षं आमच्या घरात त्यासाठी फायनान्स कंपनीला शिव्या दिल्या गेल्या. सुरुवात बहुतेक वेळा मीच केली. आता वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी सगळ्यांनाच खरं सांगून मोकळं व्हावं म्हणतो.

हर्षाली तेव्हा धुळ्याला एम.एस्सी. करत होती आणि दुपारनंतर एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करत होती. आमचं गाव धुळ्यापासून चौदा किलोमीटर. गावची शेवटची एसटी सातला सुटायची आणि लॅब बंद व्हायची आठला. लॅबच्या मालकांनी तिला स्पष्ट सांगितलं, "आठपर्यंत थांबता येत असेल तर थांब, नाहीतर पुढच्या महिन्यापासून मी दुसरी मुलगी बघतो." म्हणजे स्कूटर आली तर नोकरी राहणार, नाहीतर जाणार.

तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, जळगावला एका डाळ मिलमध्ये हिशेब सांभाळतो आणि रविवारी घरी येतो. तो म्हणाला, "गाडी माझ्या नावावर घेऊ." हर्षाली म्हणाली, "नाही पप्पा. माझ्या नावावर, माझ्या पगारावर."

मग एका संध्याकाळी अर्ज भरायला सगळं घर बसलं. नाव, गाव, जन्मतारीख बिनबोभाट पार पडलं. गाडी अडली ती 'व्यवसाय' या चौकोनात.

"विद्यार्थिनी लिही," सूनबाई म्हणाल्या.

"विद्यार्थिनीला कर्ज कोण देतं? नोकरी लिही!" जळगावहून फोनमधून मुलगा ओरडला.

"पण मी दोन्ही आहे," हर्षाली म्हणाली आणि त्या बोटभर चौकोनात तिने बारीक अक्षरात दोन्ही लिहिलं. पुढे मासिक उत्पन्न. तिने लिहिलं, साडेआठ हजार.

"गोल दहा लिही की," मी म्हणालो, "शोभून दिसतं."

"नाना, पगार शोभेसाठी नसतो."

अर्ज गेला. माहिती तपासायला घरी कोणीतरी येईल, असं शोरूमवाल्याने तिला सांगितलं होतं. तिने ते आईला सांगितलं आणि आईने मला. (सूनबाईंचं म्हणणं तसं आहे. सांगितलंही असेल. टीव्हीवर क्रिकेटची मॅच चालू असताना मला जे सांगितलं जातं, ते मी 'हो' म्हणून परत करतो.)

त्यानंतर चार-पाच दिवसांनी मी ओसरीवर पेपर वाचत होतो. घरात कोणी नव्हतं. इतक्यात शेजारची शेवंताक्का धापा टाकत आली.

"ओ नाना, ऊठा! तुमनी हर्षालीनी चौकशी कराले पोऱ्या येल शे! घर कसं शे, पोर काय करस, बठ्ठं ईचारी ऱ्हायना!"

हर्षालीच्या चौकशीला मुलगा आलाय आणि शेजारी सगळं विचारतोय! मी पेपर बाजूला टाकला. आमच्याकडची रीत अशी, की मुलगी मनात भरली तर मुलाकडचे आधी एखादा माणूस गुपचूप पाठवतात. तो प्रथम शेजारी विचारतो, मग घरी येतो. आपण कशासाठी आलो हे तो सांगत नाही आणि घरचेही विचारत नाहीत. विचारलं तर आपणच उतावीळ दिसतो! मी स्वतः भाच्यांसाठी, पुतण्यांसाठी अशा निदान दहा चौकशा केल्या आहेत. तेव्हा माझी चूक होण्याची शक्यताच नव्हती.

"मी काय सांगू त्याले?" अक्काने विचारलं.

"चांगलं सांग!" मी म्हणालो आणि टोपी घालायला आत पळालो.

मुलगा नीटनेटका होता. हातात हेल्मेट, काखेत फाइल. म्हणाला, "नमस्कार आजोबा. हर्षाली मॅडमच्या संदर्भात थोडी माहिती हवी होती."

मॅडम! मला हे स्थळ इथेच पसंत पडलं.

"या, बसा. चहा ठेवतो."

"नको, कामावर असताना आम्ही काही घेत नाही."

काय ही शिस्त!

"मॅडम काय करतात?"

आता इथे मी विचार केला. (तोच नडला.) पोरगी कमावते म्हटलं तर मुलाकडच्यांना वाटेल, या घराला नातीच्या पगाराची गरज आहे. आजोबा बसून खातो!

"शिकते," मी म्हणालो. "फक्त शिकते."

"नोकरी?"

"छे छे! पोरीला नोकरीला धाडायची वेळ आमच्या घरावर अजून आलेली नाही!"

(हे वाक्य मी ज्या कवळीने बोललो, ती हर्षालीने स्वतःच्या पहिल्या तीन पगारांतून मला करून दिली होती. वाक्यातला 'छे' किती स्वच्छ उमटला म्हणून सांगू!)

त्याने फाइलमध्ये पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "पण लॅबमध्ये जातात ना?"

"हौस म्हणून. पैसे घेत नाही!"

तो लिहू लागला. "घर स्वतःचं?"

"तीन पिढ्यांचं." हे मात्र खरं होतं.

"मॅडम आता इथेच राहणार ना?"

"इथे कशाला राहील? वर्षाच्या आत निघणार. तुम्हाला घाई असेल तर चार महिन्यांतसुद्धा!"

त्याचं पेन थांबलं. "जाणार कुठे?"

"ते तुम्ही सांगायचं!" मी खेळीमेळीने म्हणालो.

त्याला घाम फुटला होता. मला वाटलं, लाजला. म्हटलं, हाच नवरा मुलगा असेल, आणि मी चौकशी सुरू केली. गाव? जळगाव. घर? भाड्याचं. पगार? "अठरा," तो बोलून गेला आणि दचकून म्हणाला, "आजोबा, प्रश्न मी विचारायचे असतात!"

मग त्याला घराचा फोटो हवा होता. फोटो मुलाच्या आईला दाखवायचा असणार. मी दारात उभा राहिलो, पण एकटं घर फोटोत कसं ओकंबोकं दिसतं! शेजारी अक्काच्या मुलाचा नवा ट्रॅक्टर उभा होता. मी चार पावलं सरकून त्याच्या चाकावर हात ठेवला.

"ट्रॅक्टर तुमचा?"

"घरचाच समजा."

"कर्जावर आहे?"

आता नवा ट्रॅक्टर रोखीने घेतला म्हटलं तर कोण विश्वास ठेवणार? माणसाने खोटंसुद्धा पटेल असं बोलावं. "हो, पण हप्ता एकही चुकलेला नाही," मी म्हणालो.

तो गेल्यावर अक्का आली. चेहरा खुललेला. "मी तं सांगी दिधं, पोर घरना भाईर पायच ठेवत नही!"

तिसऱ्या दिवशी हर्षालीच्या फोनवर कंपनीचा निरोप आला. घरी जाऊन घेतलेली माहिती अर्जाशी जुळत नसल्याने अर्ज नामंजूर.

घरी जाऊन! म्हणजे तो मुलगा स्थळाकडचा नव्हता, कंपनीचा होता.

"नाना, कोणी माणूस आला होता का घरी?" सूनबाईंनी विचारलं.

"कोणता माणूस?" मी म्हणालो.

आधीचं सगळं अज्ञानात घडलं होतं. हे एवढं मात्र मी पूर्ण शुद्धीत बोललो. हर्षालीने फोन बाजूला ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "शिकणाऱ्या पोरीची कमाई त्यांना कमाई वाटतच नाही." बापाच्या नावावर गाडी तिने तरीही घेऊ दिली नाही. महिना संपला, नोकरी गेली. शेवटच्या दिवशी ती एसटीतून उतरली तेव्हा लॅबचा पांढरा कोट घडी करून हातात होता. मी ओसरीवरच बसलो होतो. तरीही बोललो नाही. रात्री जेवताना कंपनीला शिव्या तेवढ्या दिल्या, नेहमीपेक्षा जास्त.

पुढे तिचं चांगलं झालं. शिक्षण संपलं, जळगावला मोठ्या लॅबमध्ये लागली, स्वतःच्या पगारावर स्कूटरही घेतली. मला वाटलं, विषय मिटला. पण गेल्या महिन्यात ती घरी आली असताना माझा धाकटा नातू फोनसाठी असाच अर्ज भरत बसला होता. तो शिकतो आणि संध्याकाळी मेडिकल दुकानात काम करतो. हर्षाली त्याला म्हणाली, "कमाईचं लिहूच नको रे. खरं लिहिलं तरी आपल्यासारख्यांवर कोणी विश्वास ठेवत नाही."

मी तिथेच जेवत बसलो होतो. मी ताट सरकवलं आणि सगळं सांगितलं. टोपी, कवळी, चार महिने, ट्रॅक्टर, सगळं.

तिने मान खाली घातली. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते, तर हसत होती! हसता हसता मध्येच थांबली, डोळे पुसले.

"म्हणजे नाना, त्यांनी माझ्यावर अविश्वास दाखवला नव्हता."

"नाही गं."

"त्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवला!"

खरं आहे. मी दूध उकळलं म्हटलं तरी सूनबाई झाकण उघडून बघतात. उभ्या आयुष्यात माझं बोलणं पडताळून न बघता खरं मानणारा एकच माणूस मला भेटला, आणि त्याला पगार पडताळणीचा मिळत होता!