नथूभाऊचा राहिलेला पॉइंट

माझे शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही किरटे आहे, सांभाळून घ्यावे. माझा थोरला भाऊ नथू गेला त्याला महिना होत आला. भाचा, नथूचा मुलगा, सांगत आला तेव्हा मी मासेच साफ करत होते... त्याआधी आठच दिवस नथूभाऊ माझ्याकडे पोटभर जेवून गेला होता.

पन्नास सालानंतरची गोष्ट. आमच्या सावली गावच्या शाळेत नव्या गुरुजींनी व्हॉलीबॉल आणला. गावच्या पोरांचा संघ निघाला, पण नेट नव्हती. आम्ही ढिवर, वैनगंगेवर पोट. नथूभाऊने बाचे मासे धरायचे जाळेच मैदानात बांधले. बा भडकला. “मंग मासे का तुह्या गुरुजीच्या टोपीत धरू?” शेवटी ठरले, आरमोरीच्या संघाला हरवले तर जाळे पोरांचे, हरले तर सांजेला जाळे घाटावर आणि खेळ बंद.

संघाची बनियने मी हळदीत रंगवली. सामन्यात घाम आला आणि आमची पोरे अंगभर पिवळी झाली. आरमोरीवाले ओरडले, “वरात आली रे! नवरी कुठी आहे?” नथूभाऊ म्हणाला, “तुमालेच न्यायले आलो!”

बरोबरी होत होत सामना शेवटच्या पॉइंटावर आला. आरमोरीवाल्याने जोरात मारलेला बॉल आमच्या ढिल्या जाळ्यात अडकला. तसाच राहू दिला असता तर पॉइंट आमचा. जाळ्याला हात लावला की गेला, हे मला झाडामागून पाहून पाहून पाठ झाले होते. नथूभाऊचे हात उठताना दिसले. ओरडावेसे वाटले, पण एवढ्या माणसांत माझा आवाज फुटेना... त्याने जाळे छातीशी ओढले आणि हर्षाने आरोळी दिली, “घावला!”

सगळे मैदान हसले. बा तर हसता हसता मटकन खाली बसला, डोळ्यांतून पाणी. “हारला, पण पोरगं ढिवराचंच आहे!” एका हिवाळ्याचा संघ असा संपला.

त्या सांजेपासून मासा लागला की नथूभाऊ “पॉइंट!” म्हणून ओरडायचा. मी झाडामागची गोष्ट त्याला म्हातारपणी सांगितली. तो म्हणाला, “काऊन नाई ओरडली, बाई? एक पॉइंट बाकी आहे तुह्याकडे.”

परवा घाटावर गेले होते. भाच्याने तेच कितीदा सांधलेले जाळे ओढले, आत मोठा मरळ फडफडला. भाचा खाली वाकून तो सोडवू लागला. काठावर दहा-पंधरा माणसे उभी होती.

“पॉइंट!” मी ओरडले. सगळे वळून माझ्याकडे पाहू लागले.

फिटला, नथूभाऊ.