मोटरीची मेढ

आमच्या मामाजींइतका टेकू देणारा माणूस गोंदिया जिल्ह्यात दुसरा नसावा. एखादी वस्तू आपल्या बळावर उभी राहू शकते, हे त्यांना पटतच नाही. पपईला फळ धरण्याआधीच ते बांबू लावतात, स्टँडवरच्या मोटरसायकलीखाली वीट सरकवतात, आणि जेवताना पाहुणा जरा मागे रेलला की त्याच्या पाठीशी तांदळाचं पोतं आणून ठेवतात. असं का, हे मी त्यांना कित्येकदा विचारलं. "पडल्यावर विचारशीन का मंग?" एवढंच उत्तर मिळतं.

पण त्यांचा खरा जीव त्यांच्या बोटीत. नवेगावबांधच्या तलावावर ते पर्यटकांना फिरवतात, घर त्यावरच चालतं. बोट रंगवायला गोंदियाला नेली होती. यंदा ती परत आणताना मीही कॉलेजातून मामाजी-मामीसोबत निघालो. बोट जीपमागच्या ट्रॉलीवर होती. पंखा रस्त्याला घासू नये म्हणून मागची मोटर वर उचललेली, त्यामुळे प्रत्येक खड्ड्यात तिचं सगळं वजन, ती जिला अडकवलेली असते त्या बोटीच्या मागच्या फळीवर आदळणार होतं. फळी जुनी, तिला एक बारीक तडा. ती गेली तर हंगाम गेला. मी भीत भीत म्हटलं, "मामाजी, मोटर काढून जीपमध्ये ठेवली तर?"

"काऊन? तुले मुंडकं काढून कॉलेजात पाठवू का?" असं म्हणून त्यांनी लग्नाच्या मांडवाला लावतात तशी दोन फाट्यांची मेढ तोडून आणली, तिचं बूड ट्रॉलीच्या दांडीला सायकलच्या ट्यूबनं बांधलं आणि फाट्यात मोटरीचा पाय बसवला. मेढीला हळदही लावली. मामी पुढच्या सीटवरून म्हणाली, "माई कंबर इतकी दुखते, मले नाही लावली कधी मेढ."

वाटेत प्रत्येक गतिरोधकापाशी ते जीप थांबवत आणि उतरून फळीवर तळवा ठेवत. कोहमाऱ्याला चहाच्या टपरीवर एकानं विचारलं, "काका, नाव रस्त्यानं काऊन चालवून राहिले?" मामाजी गंभीरपणे म्हणाले, "पाण्यात खड्डे नाहीत ना बापा. तिलेही सवय पाहिजे."

तलावावर पोचलो तेव्हा मेढ वाकलेली होती. मांडवाला ओलंच लाकूड लागतं, म्हणून मामाजींनी ओलंच तोडलं होतं. मोटरीच्या वजनापुढे ते टिकलं नाही. तड्यात आता करंगळी जात होती. त्यांनी फळीवर तळवा ठेवला. "यंदा गिऱ्हाईक नाही बसवाचं," ते म्हणाले. मग त्यांनी स्वतःच मोटर काढली. तडा पाण्याच्या वर होता, वल्हवण्यापुरती बोट चालणार होती. ती पाण्यात सोडून ते मामीला म्हणाले, "ये, बस." इतक्या वर्षांत मामी त्या बोटीत कधी बसली नव्हती, जागा नेहमी गिऱ्हाइकाची असायची.

मामाजी काठाकाठानं वल्हवत निघाले. मला सोबत जावंसं वाटलं, पण मी तिथंच थांबलो. थोड्या वेळानं पाण्यावरून मामीचा आवाज आला, "आपलं घर इथून केवढंसं दिसून राहिलं जी." मामाजी काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. वल्ह्यांचा आवाज मात्र थांबला होता.