सूर्याच्या भट्टीसाठी सहा रिंगा

चौथी रिंगही दोनशे व्होल्टला ट्रिप झाली तेव्हा गावंडे साहेबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. हे वाईट लक्षण. ते रागावले की माझ्याकडे पाहतात. पाहिलं नाही, म्हणजे माझ्या जागी दुसरा माणूस कसा दिसेल ते मनातल्या मनात पाहून राहिले.

"तायडे, त्या कागदावर पाच हजार व्होल्ट लिहून आहे ना?"

"हो साहेब."

"आन् आपली रिंग दोनशेतच बसली."

"अजून दोन राहिल्या आहेत, साहेब."

"त्या काय वेगळ्या मायच्या हायेत?"

पाचवी आणि सहावी त्याच मायच्या निघाल्या.

मी टेस्टिंग इन्चार्ज. घर अमरावतीला, कारखाना अकोल्याच्या एमआयडीसीत, सव्वीस वर्षं अप-डाऊन. एवढ्या प्रवासात मी चंद्रावर जाऊन परत आलो असतो आणि येताना मूर्तिजापूरला चहाला उतरलो असतो. ही थाप नाही, कॅल्क्युलेटरवर केलेला हिशेब आहे. थापा पुढे येतील.

आम्ही बनवतो इन्सुलेटर. विजेच्या खांबावर तारेखाली पांढरी कपबशी पालथी घातल्यासारखं जे दिसतं ते. तारेतली वीज खांबात उतरू द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. सव्वीस वर्षांत मी इतक्या कपबशा पास केल्या, की त्यांत चहा ओतला तर अख्खा वऱ्हाड दोनदा पिऊन उरेल.

गावंडे साहेब आमचे मालक. कुठल्याशा प्रदर्शनात त्यांची एका संशोधन संस्थेतल्या मॅडमशी ओळख झाली आणि ते सहा रिंगांची सॅम्पल ऑर्डर घेऊन आले. फ्यूजनसाठी. कारखान्यात पाऊल ठेवता ठेवताच ओरडले, "तायडे, आपण सूर्य करून राहिलो!"

फ्यूजन म्हणजे सूर्य वर जे करतो ते खाली जमिनीवर करायचं. हायड्रोजनसारखा वायू इतका तापवायचा की त्याचे कण एकमेकांत मिसळतात आणि ऊर्जा सुटते. एवढा ताप सहन करणारं भांडं जगात नाही. म्हणून हवा काढून घेतलेल्या एका मोठ्या टाकीत तो वायू चुंबकाच्या जोरावर अधांतरी धरतात. आता या टाकीत वीज न्यायची तर तिच्या धातूच्या भिंतीतूनच न्यावी लागणार, आणि विजेने भिंतीला शिवायचं नाही. म्हणून मधे सिरॅमिकची रिंग. आकार मेदूवड्याचा. मधल्या भोकात तांब्याची दांडी, बाहेरच्या कडेला स्टीलचं कडं, दोघांच्या मधे आमची रिंग. काम कपबशीचंच, फक्त खांबाच्या जागी सूर्य.

पण कपबशीला फार तर ऊन, पाऊस आणि कावळे. या रिंगेला उष्णता, व्हॅक्यूम आणि किरणांचा मारा. सिरॅमिक तापलं की त्यातून वीज किंचित किंचित झिरपायला लागते. त्याला आम्ही लीकेज म्हणतो. किरण पडले की आणखी झिरपते. किरणांची टेस्ट संस्था करणार होती. उष्णता आणि व्हॅक्यूमची आम्ही. उष्णतेच्या बाबतीत अकोल्याला कोणी शिकवू नये. मे महिन्यात आमची भट्टी बंद केली तर दोन दिवस तिचा ताप उतरत नाही, आणि तिसऱ्या दिवशी आपोआप चढायला लागतो.

रिंगा अल्युमिनाच्या होत्या. पांढऱ्याशुभ्र, इतक्या कडक की हिऱ्याच्या चाकाशिवाय घासल्या जात नाहीत. घासून झाल्या की फिनिशिंगमधल्या बेबीताई त्या धुऊन, ओव्हनमधे सुकवून माझ्याकडे पाठवत. मग दोन टेस्ट. पहिली साधी, मेगरची. मेगर म्हणजे एक डबा; त्याच्या दोन वायरी वस्तूला लावल्या की ती विजेला किती अडवते ते काटा सांगतो. सहाही रिंगांना काटा पार टोकाला गेला. पास. दुसरी टेस्ट चेंबरमधे. रिंग दांडी-कड्यात बसवून आत ठेवायची, पंप लावून हवा काढायची, तापवायचं आणि व्होल्टेज हळूहळू पाच हजारांपर्यंत न्यायचं. लीकेज वाढलं की सप्लाय स्वतःच बंद पडतो. ते ट्रिप होणं.

या दोन टेस्टच्या मधे मी एक काम करत असे, ते सांगायला हवं. आमच्याकडे जुना रिवाज आहे. कच्ची कपबशी तपासली की इन्चार्ज तिच्यावर पेन्सिलने नंबर टाकतो आणि सही करतो. कपबशी भट्टीत जाते, पेन्सिल जळून जाते, माल कोरा बाहेर येतो. सव्वीस वर्षांत माझ्या लाखो सह्या भट्टीने खाल्ल्या. तशा या सहाही रिंगांवर मेगर झाल्यावर मी सही केली. कपबशीवर नुसतं 'ता' करतो. इथे मामला सूर्याचा होता. पूर्ण नाव, आणि 'डे'च्या मात्रेपासून निघून अमरावतीहून अकोल्यापर्यंत जाणारं शेपूट. जळून जाण्याआधी फोटो काढला आणि मोर्शीला सासरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'जावयाची सही सूर्यावर.' मेहुण्याने विचारलं, "खालून केली की शिडी लावून?"

असो. सहाच्या सहा ट्रिप झाल्या, आणि संध्याकाळपर्यंत माझ्याकडे थिअरी तयार होती. माझ्याकडे थिअरी कायम तयार असते, फक्त तिला बसवायला कारण शोधावं लागतं. आमच्या भागात पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. बोअरचं पाणी इतकं खारं की धुतलेला स्टीलचा पेला वाळला की त्यावर पांढरी साय धरते. बेबीताई रिंगा याच बोअरच्या पाण्याने धुवत. पाणी उडालं, मीठ रिंगेवर राहिलं, मिठातून वीज गेली. मी फळ्यावर चित्र काढून गावंडे साहेबांना समजावलं. चित्रात मिठाचे कण बोरांएवढे काढले होते.

"म्हंजे बेबीनं केलं?"

"पाण्याने केलं, साहेब."

"पानी कोणी लावलं?"

मी खडू उचलून फळ्यावर आणखी एक बोर काढलं. साहेबांनी टाइप करायला सांगितलं: बेबीताईंना फिनिशिंगमधून काढून पॅकिंगला टाका. पॅकिंग आमच्याकडे ठेक्यावर असतं. ठेका संपला की माणूस घरी. पंधरा वर्षांची कायम नोकरी माझ्या फळ्यावरच्या बोरांमुळे जाणार होती.

बेबीताई तडक लॅबमधे आल्या. बाई शिडशिडीत, आवाज भोंग्याचा.

"साहेब, मी पंधरा वर्सं याच पान्यानं माल धुऊन राहिली. आता काहून खारं झालं ते?"

"ताई, खांबावरच्या इन्सुलेटरला चालतं. हे फार नाजूक काम आहे."

"मंग धुवायच्या आंदी सांगाव ना! कागदावर तुमीच लिहून देल्लं, 'स्वच्छ पाण्याने धुणे.' पानी स्वच्छ व्हतं. खारं नाई पायजे असं कोठी लिहिलं?"

कागद माझ्याच अक्षरात होता. मी विषय बदलला आणि म्हणालो, डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा धुऊन पाहू. त्यांच्या बदलीची ऑर्डर शुक्रवारपर्यंत थांबवा, असं साहेबांनाही विनवलं.

डिस्टिल्ड म्हणजे वाफ करून पुन्हा थंड केलेलं पाणी. त्यात क्षार नसतात. अमरावतीत बॅटरीच्या दुकानात मिळतं. दोन कॅन मांडीवर घेऊन मी एसटीत बसलो. बडनेऱ्यापर्यंत कंडक्टरने तीनदा विचारलं, "काका, बॅटरी कोठी हाये?"

बेबीताईंनी सहाही रिंगा साबण लावून, ब्रशने माझ्या सहीसकट सगळं घासून काढून लख्ख केल्या आणि त्या पाण्यातून काढल्या. सुकवल्या. मेगर लावला. पास. मी जिंकल्यासारखा पेन्सिल घेऊन बसलो आणि पुन्हा सहा सह्या केल्या. या वेळी जरा दाबून.

चेंबर. पंप. उष्णता. व्होल्टेज.

दीडशेला ट्रिप.

"तायडे," गावंडे साहेब म्हणाले, "दोनशेचे दीडशे झाले. अजून एक डाव धुतल्या तर आपल्यालेच शॉक लागते."

माझी थिअरी तरीही पडली नाही. मी म्हणालो, मीठ आत मुरलं आहे. ज्या वस्तूला हिऱ्याशिवाय ओरखडा पडत नाही, तिच्यात मीठ लोणच्यासारखं मुरलं, असं मी डोळे न मिचकावता सांगितलं. साहेबांनी मान हलवली. शुक्रवारी अकरा वाजता संस्थेच्या मॅडमचा व्हिडिओ कॉल होता, त्याच्या आधी बेबीताईंच्या ऑर्डरवर सही करतो म्हणाले.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता बेबीताई पुन्हा आल्या. हातात एक रिंग. ही सातवी. घासताना हिचा कपचा उडाला होता म्हणून मी बाद केली होती, आणि बेबीताई ती डब्याच्या झाकणावर वजन म्हणून ठेवत.

"हे लावून पाहा."

"ताई, ही बाद आहे."

"बाद हाये म्हनूनच. आताच बोअरच्या पान्यानं धुतली. तुमच्या म्हनन्यापरमानं हे तर पन्नासलेच बसाले पायजे."

बाईंना विज्ञान समजावण्याची अशी संधी पुन्हा आली नसती. मी मेगरही लावला नाही. थेट चेंबरमधे ठेवली, हवा काढली, तापवली आणि व्होल्टेज वर न्यायला लागलो. शंभर. दोनशे. हजार. मी वायर निसटली का ते पाहिलं. निसटली नव्हती. तीन हजार. पाच हजार. लीकेजच्या मीटरचा काटा जागचा हलला नाही. दुपारी भरपेट जेवलेल्या माणसासारखा पडून राहिला.

मी सप्लाय बंद करून पुन्हा लावला. तेच. मीटर बदलला. तेच. कपचा उडालेली, खाऱ्या पाण्याची, डब्याच्या झाकणावरची रिंग सूर्याला लायक निघाली.

बेबीताई चेंबरच्या काचेला डोळा लावून पाहत होत्या. मग टेबलावरच्या सहा रिंगांकडे वळल्या. मग परत काचेकडे.

"साहेब, हिच्यावर तुमचं नाव नाई."

"बाद मालावर मी सही करत नाही."

"आन् या सहा जणींवर हाये."

"ती पेन्सिल आहे हो, ताई. चेंबरमधे जळून जाते."

"कोठी जयली? हे काय दिसून राहिली ना!"

मी पाहिलं. दिसून राहिली होती. भोकाच्या काठापासून बाहेरच्या कडेपर्यंत, ठसठशीत, शेपटासकट.

त्या क्षणी माझी इंजिनिअरिंगची पदवी भिंतीवरून उतरली आणि पायी अमरावतीला निघाली, असं मला स्पष्ट दिसलं. जळायला हवा लागते. चेंबरमधली हवा मीच पंप लावून काढत होतो, आणि पेन्सिल भट्टीतल्यासारखी जळेल म्हणून वाट पाहत होतो. पेन्सिलमधे असतं ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन, आणि त्यातून वीज मजेत वाहते. दांडीपासून कड्यापर्यंत मी माझ्या नावाची तार ओढून दिली होती. मेगर सहीच्या आधी लावायचो म्हणून रिंग तिथे पास व्हायची. मी पास केली की नापास व्हायची. दुसऱ्यांदा दाबून सही केली, तर तार जाड झाली.

मेगरच्या दोन वायरी सहीच्या दोन टोकांना लावल्या. काटा शून्यावर आडवा झाला. बेबीताईंनी ब्रश आणि साबण आणला, एका रिंगेवरची सही घासून काढली. रिंग सुकवून आत ठेवली. पाच हजार.

अकरा वाजले. गावंडे साहेबांच्या केबिनमधे टेबलावर बेबीताईंची ऑर्डर, वर पेन. मी घाईघाईने सगळं सांगितलं. साहेबांनी डोळे मिटून घेतले.

"तायडे, मॅडमले हे सांगतो का तू? उद्या काय म्हनतीन, वऱ्हाडात पेन्सिलीनं सूर्य इझवते? पान्यावर ढकल. पानी काही राजीनामा देत नाई."

"पाण्यावर ढकललं तर हा कागद तसाच राहील, साहेब."

ते काही बोलायच्या आत पडद्यावर मॅडम आल्या. पुण्याच्या. बोलणं इस्त्री केलेलं.

"नमस्कार. रूट कॉज काय सापडलं?"

"सरफेस कंटॅमिनेशन," मी म्हणालो. म्हणजे पृष्ठभागावर काहीतरी लागलेलं. खोटं नव्हतं.

"कशाचं?"

"ग्रॅफाइटचं."

"तुमच्या प्रोसेसमध्ये ग्रॅफाइट येतं कुठून?"

गावंडे साहेब छताकडे पाहत होते. मी खिशातली पेन्सिल काढली आणि कॅमेऱ्यासमोर धरली. मग मोबाइलवरचा फोटोही दाखवला, जावयाची सही सूर्यावर.

"तुम्ही प्रत्येक रिंगवर सही केलीत?"

"हो."

"दोन्ही वेळा?"

"दुसऱ्या वेळी दाबून."

पडदा काळा झाला. साहेब म्हणाले, "गेली ऑर्डर." मिनिटभराने मॅडम परत आल्या. डोळे पुसलेले, चेहरा गंभीर. म्हणाल्या, कारण सापडलं, हे महत्त्वाचं. रिंगा स्वच्छ करून पाठवा. आणि हो, धुवायला डिस्टिल्ड पाणीच वापरा. खारं पाणी आज नाही, तरी पुढे त्रास देईल. म्हणजे माझी थिअरी अगदीच वाया गेली नाही. फक्त जिथे लावली तिथली नव्हती.

साहेबांनी बेबीताईंची ऑर्डर फाडली आणि मला कोरा फॉर्म दिला: दोषाचं कारण, जबाबदार व्यक्ती, सही. तिन्ही रकान्यांत मीच होतो. पेनने भरला.

सहाही रिंगा संस्थेत पास झाल्या. आता आमच्याकडे पास झालेल्या रिंगेला सुती दोऱ्याने कागदाची चिठ्ठी बांधतात, आणि चेंबरमधे ठेवण्याआधी बेबीताई ती सोडून घेतात. मला रिंगेजवळ जाण्याआधी खिसे दाखवावे लागतात. डिस्टिल्ड पाण्याचे कॅन मात्र अजून मीच आणतो, मांडीवर.

मी बेबीताईंची माफी मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, "जाऊ द्या साहेब. सही लय चांगली हाये तुमची. फक्त लांब हाये."

कधी तो सूर्य पेटला, तर त्याच्या भिंतीत आमच्या रिंगा असतील आणि त्यांच्यावर कोणाचंही नाव नसेल. इन्सुलेटरने काहीही पलीकडे जाऊ द्यायचं नसतं. त्यात तायडेही आले.